तमाम लोकांस कळविण्यात येते की…

"पाचव्या पानावर, खाली डावीकडं. चष्मा लाव, अक्षर बारीक आहे."

कंपाउंडच्या भिंतीवरून काकूंनी पेपरची घडी माझ्या हातात दिली. जाहीर नोटीस. गाव मौजे कोथरूड, तालुका हवेली, सर्व्हे नंबर अमुक, हिस्सा नंबर तमुक येथील प्लॉट व त्यावरील रो-हाउस. मूळ मालक मयत असून मृत्युपत्रान्वये मालक झालेल्या दोन मुलांनी सदर मिळकत निर्वेध असल्याचा भरवसा आमच्या अशिलांना दिला आहे. कोणाचा गहाण, दान, वारसा, पोटगी वगैरे हक्क असल्यास चौदा दिवसांच्या आत लेखी पुराव्यासह हरकत घ्यावी.

"चतुःसीमा वाच की. दक्षिणेस कोण?"

"दक्षिणेस प्लॉट नंबर 14… अगंबाई, आम्हीच!"

"मग! पेपरात आलीस हो."

अण्णांचं घर विकलं जातंय आणि भिंतीला भिंत लागून असलेल्या आम्हाला पत्ता नाही. काकूंना मात्र असणारच. तीस वर्षं त्या घरांची खरेदी-विक्री करून देतात. पण त्यांना नुसतं एजंट म्हटलेलं खपत नाही. "परीक्षा दिलीय मी, महारेराची," असं लगेच ऐकवतात. 2023 मध्ये एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची झाली, तेव्हा त्या साठीच्या पुढं होत्या. दुपारची मालिका बंद ठेवून अभ्यास चालायचा.

"कार्पेट एरियाची व्याख्या पाठ केली गं या वयात! पूर्वी बरं होतं. हजार फुटांचा फ्लॅट म्हणून विकायचा, आत टेप लावली की सातशे भरायचा. उरलेले तीनशे म्हणजे जिना, लॉबी आणि बिल्डरची दानत."

"पण काकू, कितीला गेलं अण्णांचं?"

"सांगते. आधी थोरल्याला किती हवे होते ते विचार. साडेतीन कोटी! म्हटलं, हा आकडा कुठून आणलास? तर म्हणाला, कोपऱ्यावरचं सव्वातीनला गेलं म्हणतात. कोण म्हणतात? इस्त्रीवाला म्हणतो. त्याला कोणी सांगितलं? कोपऱ्यावरच्यांनीच! मी म्हटलं, बाबा रे, नोंदणी खात्याची साइट उघड, ई-सर्चमध्ये जा, इंडेक्स टू बघ. पैसे पडत नाहीत. बघितलं त्यानं माझ्यासमोरच. दोन सत्तर."

"दोन सत्तर? अहो, त्यांनी तर पेढे देताना…"

"पेढे देताना कोणी खरं सांगतं का? विकणारा चार दमड्या वाढवून सांगतो, घेणारा चार कमी करून सांगतो. आपल्या गल्लीतल्या घराचा भाव रेडीरेकनरवर ठरत नाही आणि बाजारावरही ठरत नाही. शेजाऱ्याला किती मिळाले त्यावर ठरतो. म्हणून तर विकायला काढलेली निम्मी घरं वर्ष-वर्ष तशीच पडून असतात. मालक भावावर अडलेला नसतो गं, शेजाऱ्यावर अडलेला असतो."

मी आवाज खाली आणून विचारलं, "वरचे पैसे असतील ना पण? रोख?"

"हल्ली फार नाही. कर्ज काढणारी पोरं रोख आणणार कुठून? आणि 2015 पासून जागेच्या व्यवहारात वीस हजार किंवा जास्त रोखीनं घेतले की तेवढाच दंड. तरी विचारणारे विचारतातच. 8 नोव्हेंबर 2016 ची, नोटाबंदीची रात्र आठवते? साडेआठपासून माझा फोन खाली ठेवता येईना. ज्यांनी इसार द्यायला सहा महिने घोळ घातला होता ते म्हणत होते, आत्ताच्या आत्ता घ्या. आणि ज्यांनी रोख इसार घेतला होता ते म्हणत होते, उद्या सकाळी परत नेऊ द्या त्यांना. घर कोणालाच नको होतं."

काकूंनी दोरीवरचा टॉवेल उलटा करून घातला. हे झाल्याशिवाय त्या पुढचं सांगत नाहीत.

"आणि मेट्रो. मार्च 2022 मध्ये वनाजहून सुरू झाली आणि सगळ्यांची घरं मेट्रोपासून पाच मिनिटांवर आली. कोणाची पाच मिनिटं? पहाटे चार वाजता, स्कूटरवरून, सिग्नल तोडून! त्याच वर्षी ऑक्टोबरात चांदणी चौकातला जुना पूल स्फोट करून पाडला, तर भूगाववाले म्हणायला लागले, आता आम्ही कोथरूडच. मी इथं आले तेव्हा कर्वे पुतळ्याच्या पुढं यायला रिक्षावाला दीडपट मागायचा. आता त्याचीच पोरगी बावधनला फ्लॅट शोधतेय, माझ्याकडेच आली होती."

"पण भाव वाढलेत हे खरंच ना?"

"वाढलेत की. करोनानंतर जे चढले ते उतरलेच नाहीत. दोन बेडरूमच्या घरात नवरा एका मीटिंगमध्ये, बायको दुसऱ्या मीटिंगमध्ये, पोराची शाळा तिसऱ्या खोलीत, म्हणजे स्वयंपाकघरात. सासूबाई जपमाळ घेऊन बाल्कनीत. मग प्रत्येकाला एक खोली जास्त हवी झाली. त्यात सरकारनं सप्टेंबर 2020 पासून मुद्रांक शुल्क तीन टक्क्यांनी उतरवलं, डिसेंबरअखेरपर्यंत. पुढं मार्चपर्यंत दोन टक्के सवलत. आपल्या माणसाला घर महाग चालतं, पण सवलत सोडवत नाही! तो डिसेंबर काय सांगू तुला. दुय्यम निबंधकाच्या ऑफिसबाहेर एकेक हात अंतर ठेवा म्हणून चुन्याचे गोल काढलेले आणि एकेका गोलात सहा-सहा माणसं."

त्या डिसेंबरातला त्यांचा एक किस्सा मी आधीही ऐकलेला होता, पण काकू दरवेळी तो नव्यानं सांगतात, आणि मीही ऐकते. विकणारे आजोबा होते, जन्मभर गवंडीकाम केलेले. फोटो निघाला, सह्या झाल्या, अंगठ्याचं यंत्र पुढं आलं. अंगठा ठेवला, यंत्रानं नाकारला. पुसून ठेवला, नाकारला. वाळू-सिमेंटनं रेघाच राहिल्या नव्हत्या, त्यात दारातल्या सॅनिटायझरनं बोटं गुळगुळीत झालेली. क्लार्क म्हणतोय, आजोबा, जरा जोर द्या. मागं रांग कुरकुरतेय, सर्व्हर कधी बंद पडेल याचा नेम नाही. आजोबा शांतपणे म्हणाले, "साहेब, निम्म्या पुण्याच्या भिंतींत आहे माझा अंगठा. तिथला घ्या."

"मग?"

"मग काय, डाव्या अंगठ्यानं लाज राखली. क्लार्कनं उठून त्यांना स्वतःची खुर्ची दिली, एवढं मी त्या ऑफिसात पहिल्यांदा बघितलं."

आत गॅसवर काकूंचं काहीतरी होतं. त्या जाऊन आल्या आणि येताना माझ्यासाठी वाटीत भाजलेले शेंगदाणे घेऊन आल्या, म्हणजे अजून बराच मजकूर शिल्लक होता.

"अण्णांचं घर बघायला माणसं येत होती का हो? आम्हाला कधी दिसली नाहीत."

"तू दुपारी ऑफिसात. थोरल्यानं मार्चातच रंग काढून घेतला, पश्चिमेच्या भिंतीला कपाट लावलं. का? ओल! विकणारा मार्चात घाई करतो आणि शहाणं गिऱ्हाईक जुलैत येतं. एक जोडपं आलं होतं, बाई हुशार. मालकाला काही विचारलं नाही, सरळ आपल्या भांडीवालीला गाठलं: पाणी किती वेळ येतं, गाड्या कुठं लावतात, वरच्या मजल्यावर गळतं का. दहा मिनिटांत सगळी कुंडली. त्यांनी दोन दहा सांगितले आणि थोरला चिडला."

"बिल्डर नाही आला कोणी?"

"आले ना. मेट्रो स्टेशनपासून पाचशे मीटरच्या आत जादा एफएसआय मिळतो, त्यामुळं फुटपट्टी घेऊनच फिरतात मेले. पण रो-हाउसचा एकटा प्लॉट घेऊन करणार काय? म्हणे बाजूचे दोन मिळाले तर बोला. बाजूचे दोन म्हणजे कोण कळलं ना? तू आणि मी. थोरला तुमच्याकडं येणार होता विचारायला, मीच म्हटलं, तिचं कर्ज अजून फिटायचंय, छळू नकोस."

हे मला आजच कळत होतं. तेवढ्यात काकू झोपाळ्यावर घसरल्या. म्हणजे झोपाळ्याच्या गोष्टीवर. सदाशिव पेठेतला एक व्यवहार, सगळं ठरलेलं, बँकेचं मंजुरीपत्र आलेलं, आणि अडलं झोपाळ्याच्या पितळी कड्यांवर. घेणारा म्हणे झोपाळा घरासकट धरलाय. विकणारी बाई म्हणे, सासऱ्यांनी तांबट आळीतून घडवून आणलेल्या कड्या आहेत, मी नेणार. दोन्हीकडचे वकील बसून कड्यांवर कलम लिहायला लागले. शेवटी कड्या बाई घेऊन गेल्या, आणि काकूंनी स्वतःच्या दलालीतून बोहरी आळीतल्या नव्या आणून घेणाऱ्याच्या हुकांना लावून दिल्या.

"तुला खोटं वाटेल, पण पाच-दहा लाखांवरून मोडलेले व्यवहार मला बोटांवर मोजता येतील. देवघर कोण नेणार, आईच्या आजारपणात कोण राहिलं, अमेरिकेतला कुलमुखत्यारपत्र वेळेवर का पाठवत नाही, यावरून मोडलेल्यांची वही वेगळी आहे."

"अमेरिकेतला म्हणजे अण्णांचा धाकटा."

"तोच. त्याचं कुलमुखत्यारपत्र तिकडं साक्षांकित होऊन इकडं आलं, आणि थोरल्यानं ते पाकीट कपाटात ठेवून दिलं. तीन महिन्यांच्या आत मुद्रांक भरून घ्यावा लागतो, माहितीच नाही! मी विचारलं म्हणून शेवटच्या आठवड्यात धावपळ. वर धाकट्याच्या वाट्याचा टीडीएस. इथल्या माणसाकडून पन्नास लाखांच्या वरचं घर घेतलं तर घेणाऱ्यानं एक टक्का कापायचा. पण विकणारा परदेशात राहणारा असला की ते एक टक्क्यावर भागत नाही, साडेबारा टक्के आणि वर अधिभार. कमी कापायचं प्रमाणपत्र आयकर खात्याकडून आधी आणावं लागतं. धाकट्यानं व्हिडिओ कॉलवर एवढा मोठा आवाज केला, तुम्हाला ऐकू नाही गेला?"

"आला होता ना. आम्हाला वाटलं, क्रिकेट."

काकू हसल्या. मला मात्र नोटिशीतली एक ओळ खटकत होती. मृत्युपत्रान्वये दोन मुलं. आणि ताई? अण्णांची मुलगी, ठाण्याला दिलेली. वहिनी, म्हणजे तिची आई, अंथरुणाला खिळल्या तेव्हा बँकेतून बिनपगारी रजा काढून येऊन राहिली होती ती.

"तिला काहीच नाही?"

"अण्णांनी लिहून ठेवलं, मुलीचं लग्नात केलंय. स्वकष्टाची मिळकत, कोणाला द्यायची ती द्यायचा त्यांना हक्क. काहीच न लिहिता गेले असते तर 1956 च्या कायद्यानं तिसरा वाटा आपोआप तिचा होता. शहाणपणा करून मृत्युपत्र केलं आणि तेवढ्यासाठीच केलं, असं माझं मत. अण्णा माणूस चांगला होता, पण आपल्याकडं चांगली माणसंसुद्धा मुलीच्या बाबतीत असा हिशेब करतात, त्याला काय म्हणायचं? माझ्याकडं तर दर राखीपौर्णिमेच्या आसपास एक भाऊ येतो. काकू, बहिणीचं हक्कसोडपत्र करायचंय, मसुदा आहे का? हातात साडीची पिशवी!"

"पण मग ताईनं आता हरकत घ्यायला हवी. चौदा दिवस आहेत ना? ती कोर्टात नाही गेली तरी वकिलाला एक पत्र…"

काकू माझ्याकडं नुसत्या बघत राहिल्या. एक शेंगदाणा सोलला, फुंकर मारली.

"ती कशी हरकत घेईल? अशील तीच आहे."

"काय सांगताय!"

"ठाण्याचा फ्लॅट विकला तिनं. दोन वर्षांच्या आत दुसरं घर घेतलं की नफ्यावरचा कर वाचतो, हे तिला कोणी सांगावं लागलं नाही, बँकेत आयुष्य गेलंय. थोरल्याला म्हणाली, कोपऱ्यावरच्या घराचा इंडेक्स टू आहे ना, तो भाव. एक रुपया जास्त नाही, एक कमी नाही. भाऊ म्हणून सूट मागू नकोस, बहीण म्हणून मी मागत नाही. आणि त्या धाकट्याचा टीडीएस कापणारी तीच! तो म्हणतोय, ताई, तू माझ्याकडूनसुद्धा कापणार? ती म्हणाली, ओवाळणी सोडली असती रे, हे सोडलं तर नोटीस मला येते."

"थोरला काय म्हणाला?"

"तो आता मोठेपणा करतोय. म्हणाला, खरेदीखतात जावईबापूंचंही नाव घाल, बरं दिसेल. तर म्हणाली, एकट्या बाईच्या नावावर घेतलं की मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, सातचे सहा होतात. यांचं नाव आलं की ती गेली. आणि त्या एका टक्क्यात माझा ओटा होतोय."

"आणि जावईबापू?"

"ते बसले होते की तिथंच. विचारत होते, ग्रॅनाइट काळा घ्यायचा की हिरवा."