गुरुजी दारात, फादर फाटकाआड

एप्रिल-मे महिन्यात दिघोरीत दोन जण दारोदार फिरताना दिसतात. एक लग्नपत्रिका वाटणारे, दुसरे जिल्हा परिषद शाळेचे गुरुजी. पत्रिकेवाल्याला उभ्याउभ्या पाणी दिलं तरी चालतं. गुरुजींना मात्र बसवावं लागतं, कारण ते पोरगं मागायला आलेले असतात. पट घसरला की संचमान्यतेत शिक्षकाचं पद उडतं, आणि पद उडालं की गुरुजींची रवानगी जिल्ह्याच्या कोणत्या टोकाला होईल याचा नेम नाही. त्यामुळे गावात कोणाच्या पोराला सहावं वर्ष लागलं याची खबर त्यांना पोराच्या आजीइतकीच पक्की असते.

आमच्याकडे आले तेव्हा काखेत रजिस्टर होतं. चहा बशीत ओतत त्यांनी सगळं एका दमात सांगितलं: पुस्तकं मोफत, गणवेश मोफत, दुपारी गरम खिचडी, आणि इंग्रजी म्हणाल तर २००० सालापासून मराठी शाळेतही पहिलीपासूनच आहे. पोरगी दाराआडून ऐकत होती. खिचडीवर तिचं मत अनुकूल दिसलं. गुरुजी गेल्यावर बायको म्हणाली, "एवढं सगळं फुकटात भेटते म्हणजे काहीतरी खोट असन."

तिचंही चुकत नाही. जे दारात चालून येतं त्याची किंमत करायची आपल्याला सवयच नाही. गुरुजींची स्वतःची धाकटी इंग्रजी शाळेत जाते, हेही गावाला ठाऊक आहे. लाखांदूर तालुक्यातलं आमचं गाव धानाचं, तलावांच्या मुलखातलं. इथे टाय लावून पोरगं पिवळ्या गाडीत बसलं की ते कॉन्व्हेंटात जातं असं आम्ही धरून चालतो, मग संस्थाचालक भले गावचे पाटील का असेनात. फादर-सिस्टरांची जुनी, नावाजलेली शाळा पाहायची तर आमची धाव नागपूरला. तिथलं एसएफएस, म्हणजे सेंट फ्रान्सिस डी'सेल्स, १८७० सालचं. ज्यांचं नाव शाळेला दिलं त्या संतांना पोप अकरावे पायस यांनी १९२३ साली लेखक-पत्रकारांचे आश्रयदाते संत म्हणून जाहीर केलं. तेव्हा लिहिणाऱ्याने त्या शाळेबद्दल जरा जपूनच लिहिलेलं बरं.

माझा मेहुणा नागपुरातच राहतो. पोराला फादरांच्याच शाळेत घालायचं असं त्याने पोराचं नाव ठेवायच्या आधीच ठरवलेलं. कोणती शाळा ते सांगत नाही, पण तिच्या फाटकापुढच्या रांगेत तो पहाटे उभा होता, आणि मग आई-वडिलांना भेटीला बोलावणं आलं. त्या भेटीला मुलाखत म्हणायचं नसतं, 'इंटरॅक्शन' म्हणायचं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने मुलाची किंवा पालकांची चाळणी लावायला बंदी केली आहे, पहिल्या चुकीला पंचवीस हजारांपर्यंत दंड. पण २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याकांच्या शाळांना हा कायदा लागू नाही असं सांगितलं, त्यामुळे तिथे कायदाही फाटकाबाहेरच थांबतो. मेहुण्याने आठवडाभर बायकोसोबत सराव केला. ती प्रश्न विचारायची, हा घामाघूम व्हायचा. "व्हाय धिस स्कूल?" या प्रश्नाला त्याचं उत्तर होतं 'डिसिप्लिन'. खरं उत्तर होतं, शेजारच्याचा पोरगा तिथेच आहे.

प्रवेश मिळाला. दिवाळीला पोरगं दिघोरीला आलं ते देवघरापुढे बसून कपाळ, छाती, दोन्ही खांद्यांना हात लावू लागलं. मेहुणा ओशाळला. आमच्या आईला काहीच वाटलं नाही. "देवाचंच नाव घेते ना पोट्टा? मंग कायले बोलता त्याले?" तिने त्याच्या हातावर बुंदीचा लाडू ठेवला आणि विषय संपवला. धर्माचा प्रश्न एवढ्या झटपट सुटताना मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

अडलं ते आकड्यांशी. दुकानदाराने एकोणसाठ रुपये मागितले तेव्हा पोरगं हातातल्या नोटा धरून उभं राहिलं आणि मागे वळून आमच्या पोरीकडे पाहू लागलं. ती तेव्हा अजून अंगणवाडीत. तिलाही एकोणसाठ येत नव्हतं, पण तिने सगळ्या नोटा दुकानदाराच्या हातात देऊन टाकल्या आणि उरलेले परत घेतले. २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या गणितात 'एकवीस'सोबत 'वीस एक' छापलं तेव्हा केवढा गदारोळ उठला होता! ओरडणाऱ्यांपैकी किती जणांची मुलं तेव्हा 'ट्वेंटी वन' म्हणत होती, हे कोणी मोजलं नाही.

शेवटी पोरीचं नाव आम्ही गुरुजींच्याच रजिस्टरात घातलं. तत्त्वबित्त्व काही नाही. पिवळी गाडी सकाळी सातला येते आणि आमच्या घरी सातला कोणी उठत नाही. रोवणीच्या दिवसांत तर बायको बांधीत असते, तेव्हा पोरगी पायी शाळेत जाऊन पायीच परत येईल एवढी शाळा जवळ हवी. नातेवाइकांना मात्र मी 'मातृभाषेतून शिक्षण' असं कारण सांगतो. ऐकणारे मान डोलावतात.

परवा मेहुण्याचा फोन आला. पोरगं आता दुसरीत. त्याने कुठूनतरी नवोदय विद्यालयाची माहिती काढली होती. सहावीच्या प्रवेशाला परीक्षा असते, निदान पंच्याहत्तर टक्के जागा ग्रामीण भागातल्या मुलांना, आणि त्यासाठी तिसरी, चौथी, पाचवी खेड्यातल्याच शाळेत झालेली लागते. आवाज खाली आणून म्हणाला, "भाऊजी, तिसरीपासून पोराला तुमच्याकडेच ठेवलं तर? तुमच्या गुरुजींच्या शाळेत जमन का?"

"न जमायला काय झालं?"

"नाही, म्हणजे इंटरॅक्शन कधी असते? आम्ही दोघंही यायचं का?"

मी म्हटलं, टीसी आणि आधार कार्ड तेवढं आणा.