मिशन कंपाऊंडच्या विश्वस्तांस पडघ्याच्या एका दलालाचे अनावृत पत्र

श्रीयुत विश्वस्त महाशयांस,

स. न. वि. वि.

मी पडघ्याचा राहणारा. धंदा जमिनीच्या दलालीचा. मुंबई-नाशिक मार्गावरचे, भिवंडी तालुक्यातले आमचे हे गाव एके काळी भातशेतीवर गुजराण करीत असे; पुढे चंद्रपूरची वीज साडेसातशे किलोमीटरांवरून आमच्या शिवारात उतरू लागली, गोदामे उठली, आणि आता आमण्याला समृद्धी महामार्ग येऊन टेकल्यापासून तर ज्याच्या नावे सातबारा आहे त्याला रस्त्यात लोक आपण होऊन नमस्कार करतात. अशा गावात आयुष्य गेलेल्या माणसाला वृत्तपत्रातील अग्रलेखाहून ‘तमाम लोकांस कळविण्यात येते की’ अशा शब्दांनी आरंभ होणारी जाहीर नोटीस अधिक वाचनीय वाटावी, यात नवल नाही. आणि अशा नोटिसांतून मिशनचा बंगला, मिशनची शाळा, मिशनचे मैदान यांचे सर्व्हे नंबर व चतुःसीमा वाचता वाचताच आपणा महानुभावांविषयी माझ्या मनात आदर उत्पन्न झाला. कोणा एका डायोसिसचे अथवा ट्रस्टचे नाव मी घेत नाही. धंद्यात नावे घेऊ नयेत.

आदराचे कारण सांगतो. गोदामाच्या भिंतीला आत ठेवलेल्या मालाशी काही कर्तव्य नसते. आत तांदूळ असो की टायर, भिंत उभी राहावी, पत्रा गळू नये आणि भाडे महिन्याच्या महिन्याला यावे, एवढेच तिचे शास्त्र. हे शास्त्र आम्हांस कळावयास तीस वर्षे लागली. आपण मात्र रुग्ण, विद्यार्थी, अनाथ इत्यादी सर्व माल हळूहळू बाहेर काढून भिंत तेवढी जतन करण्याच्या सिद्धीस आमच्याही आधी पोहोचलात.

आपल्या पूर्वसूरींस हे व्यवहारज्ञान नव्हते, हे मोठ्या खेदाने नमूद करावे लागते. मिरजेचे डॉक्टर वान्लेस पाहा. १८९४ साली त्यांनी तेथे इस्पितळ उघडले, तीन वर्षांनी वैद्यकीय शाळा काढली, आणि पुढे गावाबाहेर मोकळ्या हवेत एवढी जागा हाती असताना तिच्यावर क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम बांधले! पंडिता रमाबाईंनी केडगावास जमीन घेतली, विहिरी खणल्या, आणि इतक्या उत्तम पाण्याच्या जमिनीवर दुष्काळातून आणलेल्या निराधार मुली-बायका ठेवल्या. त्यांना विणकाम शिकविले, छापखान्यात खिळे जुळवावयास बसविले, आणि मूळ हिब्रू व ग्रीकवरून स्वतः केलेला बायबलचा मराठी अनुवाद त्यांच्याच हातून छापविला. भाड्याचे उत्पन्न शून्य.

परंतु रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्यापुढे मी सपशेल हात टेकले. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेला हा कवी अमेरिकन मराठी मिशनचा पगारदार सेवक होता. त्या मिशनची मंडळी १८१३ साली मुंबईस उतरलेली, म्हणजे पेढी जुनी, पतदार आणि खात्रीची. असे असता, परदेशी पैशाच्या ओंजळीने पाणी पिणारी ख्रिस्ती मंडळी आपल्या पायांवर कधीच उभी राहणार नाही, अशा काही विचाराने ग्रासून त्यांनी १९१७ साली मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला. दरबार म्हटल्यावर जागा प्रशस्त असणार, या अपेक्षेने मी सर्व्हे नंबरची चौकशी केली. तेव्हा कळले की दरबार ही माणसांची संगत होती, आणि तीत बाप्तिस्मा न घेतलेल्यासही मज्जाव नव्हता. दोन वर्षांनी टिळक वारले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ वाचताना त्या घरात पैसा कसा येई आणि आल्या पावली कसा जाई हे वाचून माझ्यासारख्या व्यवहारी माणसाचे काळीज हलते. अशा गृहस्थाला आपण आज एखाद्या उपसमितीवर तरी घेतले असते काय? खजिनदार तर नाहीच.

शास्त्राधाराची चिंता आपण करू नये. तो भरपूर आहे. शुभवर्तमानातील तो दृष्टांत घ्या, ज्यात धन्याने सोपविलेला पैसा जमिनीत पुरून ठेवणाऱ्या दासाला धनी म्हणतो की निदान सावकाराकडे ठेवला असतास तर व्याज तरी मिळाले असते. मुदतठेवींचे समर्थन याहून स्पष्ट शब्दांत कोठे मिळणार? त्याच दृष्टांताच्या पाठोपाठ, त्याच अध्यायात, भुकेल्यांना, उघड्यांना आणि बंदिवानांना विचारणाऱ्यांचा न्याय सांगितला आहे. पण तेथवर वाचीत जाण्याइतका वेळ कार्यकारिणीच्या सभेत नसतो, हे मी जाणतो. आणि बारा शिष्यांत बाजारभाव जाणणारा गृहस्थ एकच होता, त्याची उपेक्षा का व्हावी? बेथानीस एका बाईने सुगंधी तेल प्रभूच्या पायांवर ओतले, तेव्हा ते तीनशे दीनारांस विकून पैसा गरिबांना का दिला नाही, असा रास्त प्रश्न यहूदाने विचारला. दीनार ही त्या काळची दिवसाची मजुरी. म्हणजे जवळजवळ वर्षाचे उत्पन्न. मूल्यांकन अचूक. शुभवर्तमानकार योहान पुढे लिहितो की त्याला गरिबांची कळकळ नव्हती. थैली त्याच्यापाशी असे आणि तीत पडेल ते तो चोरी. हा शेरा मला अनावश्यक वाटतो. विकासाच्या नावाखाली विक्रीचा ठराव मांडणाऱ्याच्या हेतूची अशी झडती घेऊ लागले तर आमची दलाली बुडेल.

कायद्याची बाजूही पाहून ठेविली आहे. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाचे कलम ३६ असे की, धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वमंजुरीवाचून न्यासाची स्थावर मिळकत विकता येत नाही, आणि बिगरशेती जमीन वा इमारत तीन वर्षांहून अधिक मुदतीने भाडेपट्ट्याने देता येत नाही. मंजुरी न्यासाच्या हिताकडे पाहून द्यावयाची असते. आणि न्यासाचे हित कशात आहे हे सांगावयास ज्यांच्यासाठी न्यास झाला ते रोगी आणि पोरे काही आयुक्तांच्या कचेरीत हजर राहत नाहीत, हे आपल्या पथ्यावरच पडते. अडचण एकच. १९७० साली नागपुरास सहा मंडळ्या एकत्र येऊन उत्तर भारताची मंडळी स्थापन झाली. त्या सहांपैकी ब्रदरन मंडळीच्या गुजरातेतील मिळकती कोणाच्या, हा वाद सर्वोच्च न्यायालयात निकालात निघावयास २०१३ साल उजाडले. एकीकरण होऊन त्रेचाळीस वर्षे झाली होती. प्रार्थनेत जे ऐक्य साधले ते मालमत्तापत्रकात साधले नाही. तेव्हा अंदाजपत्रकात ‘सुवार्ताप्रसार’ या सदराखाली वकिलांची फी घालण्याची जी प्रथा पडू पाहत आहे, ती हिशेबाच्या दृष्टीने मला योग्यच दिसते. परदेशी देणग्यांच्या कायद्याने २०२० साली व्यवस्थापनखर्चाची मर्यादा पन्नास टक्क्यांवरून वीस टक्क्यांवर आणल्यामुळे तर असा खर्च कोठल्या तरी पवित्र सदराखाली ढकलणे क्रमप्राप्तच आहे.

काही लोक आपणांस भलतेच दाखले देतील. रोममध्ये २५८ च्या सुमारास लॉरेन्स नावाच्या सेवकाकडे सुभेदाराने मंडळीचा खजिना मागितला, तेव्हा त्याने शहरातील लंगडेपांगळे व विधवा पुढे उभ्या करून हाच आमचा खजिना असे सांगितल्याची कथा आहे. असला माल आमच्या गोदामात उतरवून घेतला जात नाही. दुसरा दाखला मिझोरामचा: तेथील ख्रिस्ती बायका रोजच्या स्वयंपाकात मूठभर तांदूळ मंडळीसाठी वेगळे काढतात, आणि त्या तांदळाच्या पैशातून मंडळी आपले प्रचारक पोसते. आम्ही भाताच्या गावचे लोक; मुठीमुठीने कोठार भरते हे आम्हांस ठाऊक आहे. पण नर्सबाई, मास्तरीणबाई आणि सफाई कामगार यांनी रविवारी थैलीत टाकलेल्या दशमांशावर आपली मंडळी चालते, असे एकदा त्यांच्या ध्यानात आले, तर ते हिशेब मागू लागतील. हिशेब मागणारी मंडळी आणि अतिक्रमण झालेली जमीन, दोन्ही विकावयास अवघड.

माझा प्रस्ताव थोडक्यात असा. बंगला, शाळा व दवाखाना यांच्या मोकळ्या इमारती आमच्या पक्षकाराच्या हवाली कराव्यात. देवालय वगळले तरी चालेल, कारण रविवारी सकाळी मालगाड्या तशाही कमी असतात. दरपत्रक सोबत जोडले आहे.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला,
पडघ्याचा एक दलाल

ता. क. — दिवाळी झाली की आमच्या तालुक्यातील वीटभट्ट्यांवर कातकरी कुटुंबे उचल घेऊन येतात, पोराबाळांसकट, आणि पावसाळा तोंडावर येईतो त्या पोरांची शाळा बंद पडते. आपल्या बंद वसतिगृहाच्या दोन खोल्या अन् एक शिक्षिका एवढ्यावर त्यांची सोय होते. तेवढ्या खोल्या करारातून वगळाव्यात. भाडे कमी करून मागणार नाही.