घालन कोण?

अकोल्यात स्वेटर विणणाऱ्या बाईकडे लोक काळजीनं पाहतात. मे महिन्यात पारा ४५ अंश ओलांडणारं गाव. थंडी येते दिवाळीनंतर आणि संक्रांतीचा तिळगूळ संपायच्या आत निघून जाते. "काहून वो, इथं जीव उकडून राह्यला अन् तू लोकर घेऊन बसली? घालन कोण?" शेजारच्या काकूंचा हा प्रश्न रास्तच होता. त्यातून मुलूख कापसाचा. लोकर म्हणून जी मिळे तीही लुधियानाकडची, बहुतेक अ‍ॅक्रिलिक. मेंढीचा संबंध वेष्टनावरच्या चित्रापुरता.

तरी विणायचे. माहेर अकोला, सासर अमरावती. गाडीत बसलं की मूर्तिजापूर येईस्तोवर बॉर्डर व्हायची आणि बडनेऱ्याला उतरताना वीतभर पाठ.

अमरावतीत हिवाळ्यात तिबेटी लोकांची स्वेटरची दुकानं लागतात. १९५९ नंतर देश सुटलेली ही माणसं. विदर्भात गोंदिया जिल्ह्यात, गोठणगावला त्यांची वसाहत आहे. विकायचा माल मशीनवरचा, पण गिऱ्हाईक नसलं की दुकानातल्या मावशींच्या हातात सुया. मी एकदा त्यांना नक्षी विचारली. त्यांची हिंदी आणि माझी वऱ्हाडी हिंदी यांचं काही जमेना. शेवटी त्यांनी विणकाम पालथं करून मागची बाजू दाखवली, आणि झालं. हिमालयापलीकडची बाई आमच्या गावात बसून विणते, याची तेव्हा मला नुसती गंमत वाटली होती.

आता मुलीच्या बाळंतपणासाठी मी कॅनडात, एडमंटनला आहे. जानेवारी, बाहेर उणे २०. संध्याकाळी पाचच्या आत सूर्य घरी जातो. म्हटलं, चला, आपल्या सुयांना एकदाचं योग्य गाव मिळालं! तर मुलगी म्हणते, "आई, इथं बाळाचं सगळं दुकानात मिळतं गं." म्हणजे अकोल्यात थंडी नाही म्हणून स्वेटर नको, आणि इथं थंडी फार म्हणून नको.

रात्री तीनला टक्क जाग येते. अकोल्यात तेव्हा दुपारचे साडेतीन. चहाचं आधण चढलेलं, काकू ओट्यावर. मन तिकडे निघतं. मी सुया घेते. दोन सुलट, दोन उलट. जपाची माळ ओढताना मन गावभर हिंडून आलं तरी कुणाला पत्ता लागत नाही; सुयांवर मात्र ते फाटकापर्यंत गेलं की टाका गळतो. मग निमूट परत यायचं, टाका उचलायचा, पुढं चालायचं. चारपर्यंत बाही होते. त्या मावशींचेही दुपारचे तास असेच जात असतील का, कोण जाणे. नक्षीशिवाय मी त्यांना काही विचारलंच नव्हतं.

नातीचा स्वेटर झाला. घरात हीटर २२ अंशांवर. घातला आणि पोरगी घामाघूम. जावई तिच्याकडे पाहत राहिले, मग माझ्याकडे, मग भिंतीकडे वळून म्हणाले, "आई, हीटर जरा कमी करू का?"