अवर्षणग्रस्तांसाठी ओल्या मोबाईलची मार्गदर्शिका

धाराशिव जिल्हा सरकारदरबारी अवर्षणप्रवण. टँकरमागे घागरी कशा लावाव्यात, बोअर किती फूट न्यावं, सांडपाण्यावर शेवगा कसा जगवावा, ही विद्या इथल्या पोरांना शाळेआधीच येते. पाणी फार झालं तर काय करायचं, हे मात्र कुणी शिकवलेलं नाही. २०२५च्या सप्टेंबरात, ऐन घटस्थापनेच्या तोंडावर, परंडा-भूम भागात नद्या गावांत शिरल्या, माणसं हेलिकॉप्टरनं उचलावी लागली. माणसं, जनावरं, पिकं यांच्यापुढं मोबाईलचं दुःख कुणी बोलून दाखवत नाही, पण खिशात ते असतंच. म्हणून हे नवशिक्यांसाठी.

पायरी पहिली. मोबाईल पाण्यातून काढला की लगेच बटण दाबा आणि चालू होतो का बघा. मोबाईल कायमचा घालवायचा असेल तर याहून खात्रीचा उपाय नाही. झाला चालू तर लगोलग चार्जिंगला लावा, म्हणजे उरलीसुरली शंकाही मिटेल.

नुसतं पाणी मोबाईलला मारत नाही. शुद्ध पाण्यातून वीज जेमतेमच वाहते. पण पुराचं पाणी रानातून येतं, येताना माती, क्षार, युरिया, डीएपी असं सगळं सोबत आणतं. बोर्डावर सुट्या भागांचे पाय एकमेकांपासून मिलिमीटरभरही लांब नसतात. बॅटरी जोडलेली असेल तर त्या खारट थेंबातून एका पायाचा धातू विरघळतो दुसऱ्या पायावर जमतो आणि तिथून त्याची केसासारखी तार पहिल्याकडे वाढत येते. ती टेकली की शॉर्ट. ‘पाण्यातून काढला तेव्हा चांगला चालू होता, चार दिवसांनी गेला’ असं दुकानात सांगणारे खोटं बोलत नसतात. मोबाईल त्या चार दिवसांत आतून गंजत होता.

तेव्हा बंद करा, बॅटरी निघत असेल तर काढा, सिम काढा आणि हात बांधून बसा. इथं आजोबांचा कीपॅडवाला फोन बाजी मारतो. त्याचं झाकण नखानं उघडतं. पातळ, महागडा, मागून काच चिकटवलेला मोबाईल उघडायला गरम हवा, पाती आणि दुसऱ्याची हिंमत लागते. बॅटरी फुगलेली दिसली तर तिला टाचणी लावून ‘हवा काढू’ नका, ती पेटते.

पायरी दुसरी, तांदूळ. हा उपाय मोबाईलवरूनच पसरला. आपला मुलूख ज्वारीचा. घरात कणगीभर ज्वारी आणि डबाभर रेशनचा तांदूळ, आणि मोबाईल नेमका त्या डब्यात. ज्वारी चालेल का, असंही लोक विचारतात. तांदळाइतकीच चालेल, म्हणजे चालणार नाही. पाणी आपलं आपण उडतं, धान्य ते ओढून घेत नाही. आणि पाणी उडालं तरी क्षार बोर्डावरच राहतात. वर पिठूळ धूळ चार्जिंगच्या खाचेत जाते ती वेगळीच. २०२४ साली ॲपल कंपनीनंही आपल्या गिऱ्हाइकांना तांदळात फोन ठेवू नका, कण आत जातील, असं सांगितलं. पुराच्या पाण्यातला मोबाईल दोन दिवस पोटात ठेवलेल्या त्या तांदळाचा भात मात्र लावू नये, हे कंपनीनं सांगितलेलं नाही. ते आपलं आपणच समजून घ्यायचं.

पायरी तिसरी, पत्र्यावर उन्हात. बॅटरीला ताप सोसत नाही. सावलीत, वाऱ्याला ठेवा. चुलीपाशी नको, तव्यावर तर नकोच.

पायरी चौथी, दुकान. बसस्टँडच्या आसपास गाळ्यात बसलेला पोरगा मोबाईल उघडतो, बोर्डावरचे पत्रे काढतो आणि बुडालेल्या बोर्डाला पुन्हा धुतो. गिऱ्हाईक घाबरतं. पण तो धुतो आयपीएनं, म्हणजे जवळजवळ निर्जळ आयसोप्रोपिल अल्कोहोलनं, जुन्या टूथब्रशनं घासून. ते पाण्यात मिसळून त्याला घेऊनच उडून जातं. घरी प्रयोग करणाऱ्यांसाठी: सॅनिटायझर चालत नाही, त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं. हातभट्टीही चालत नाही. तिच्यात पाणी फार, अशी पिणाऱ्यांचीही तक्रार असते.

मग भिंगाखाली हिरवट डाग शोधायचे आणि मीटर लावून शॉर्ट. बहुतेक वेळा तिळाएवढा एखादा कॅपॅसिटर पूर्ण मोबाईल आडवा पाडून बसलेला असतो. तो नुसता उचलून टाकला तरी पुष्कळदा मोबाईल उठतो, कारण शेजारी त्याच कामाचे आणखी चार बसलेले असतात. तिळाची किंमत काही पैसे, तो शोधण्याची काहीशे रुपये. घासाघीस करू नका. तुम्हाला सापडला असता का?

वॉरंटीचा कागद घेऊन जाणाऱ्यांनी आधी सिमच्या खाचेत डोकावावं. तिथला पांढरा ठिपका लाल झाला असेल तर कागद घरी ठेवावा. खोक्यावर आयपी६७ छापलंय, असं सांगून उपयोग नसतो. ती चाचणी एक मीटर स्वच्छ पाण्यात, अर्धा तास. सीना नदीला कुणी कळवलं नव्हतं.

दरम्यान, नुकसानीचे फोटो मोबाईलवर काढून ठेवा, असं सगळीकडून सांगितलं जात असतं. बँकेचा ओटीपीही त्याच बुडालेल्या नंबरवर येणार. सिम सहसा मरत नाही. पुसून शेजाऱ्याच्या फोनात घाला.

पायरी पाचवी, मोटारीचा स्टार्टर. ही शेवटी ठेवली, कारण इथं चुकलं तर मोबाईल नव्हे, माणूस जातो. विहिरीवरच्या पेटीला ओल्या हातानं, अनवाणी, एकट्यानं जायचं नाही. वायरमनकडून वरून लाईन बंद करून घ्या, किटकॅट फ्यूज काढा, मगच झाकण. कॉन्टॅक्टर सोडवून, गाळ धुऊन सावलीत वाळवा; मोटारीची वाइंडिंग मेकॅनिककडून तपासून घ्या.

आता पुष्कळांच्या पेटीत मोबाईल ऑटोही असतो. त्याच्या पोटात सिम, घरबसल्या कॉल केला की मोटार सुरू. म्हणजे शेतकऱ्याचे दोन मोबाईल बुडाले, एक खिशातला, एक पेटीतला. नळाला आठ-आठ दिवस पाणी येण्याची वाट बघणारा माणूस इथं दोन दिवस थांबत नाही. लागतो का बघू म्हणून शेजाऱ्याच्या फोनवरून त्या ऑटोला कॉल लावतो. लावू नका. लागला, तर तो मोटार सुरू करेल.