ऑगस्टमधले तज्ज्ञ

कोकणच्या किनाऱ्यावर ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात जितके इंजिनतज्ज्ञ भेटतात तितके एखाद्या आयआयटीतही सापडणार नाहीत. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक बोटींना मासेमारी बंद. तेवढे दिवस बोट किनाऱ्यावर ताडपत्रीखाली पडून असते आणि तिच्या पोटातलं डिझेल इंजिन खारी हवा खात बसतं. बंदी उठल्याचं सरकार मालकाला कळवतं. इंजिनाला कोणी कळवत नाही.

हर्णैला माझ्या मामाच्या बोटीचं दरसाल हेच. बोट पाण्यात उतरते, बर्फ भरून होतो, खलाशी चढतात. मामा सेल्फ मारतो. इंजिन 'टक्' एवढंच बोलतं. त्या एका 'टक्'वर अर्धं बंदर गोळा होतं.

"पंप गेला," पहिला निकाल.

"पंप कसला? नोजल गेले."

"पिस्टन धरला असेल. इंजिन उतरवायला लागणार."

मासळीची टोपली टेकवून उभी राहिलेली मावशी तर थेट नवं इंजिन घ्यायला सांगते. तिला नवऱ्याच्या बाबतीत ही सोय मिळालेली नसते.

यंदा गर्दीत मामाचे पुण्याचे जावईही होते. त्यांनी घसा साफ करून विचारलं, "स्पार्क प्लग पुसून पाहिलात का?"

सगळे गप्प झाले. मामा अदबीनं म्हणाला, "जावईबापू, तो तुमच्या स्कूटरला."

डिझेल इंजिनात ठिणगी नसतेच. सिलिंडरमध्ये हवा इतकी दाबली जाते की ती ५०० अंशांच्या वर तापते. तिच्यात डिझेलचा फवारा मारला की तो आपसूक पेटतो. रुडॉल्फ डिझेल नावाच्या जर्मन इंजिनिअरनं हे जमवलं. १९१३ साली अँटवर्पहून इंग्लंडला जाताना तो रात्रीतून जहाजावरून नाहीसा झाला. ते जहाज वाफेवर चालणारं होतं. "म्हणजे त्याचाही डिझेलवर भरवसा नव्हता," मामा म्हणाला.

शेवटी मिस्त्री आला. त्यानं एकाही तज्ज्ञाकडे पाहिलं नाही, आधी बॅटरीकडे पाहिलं. टर्मिनलवर हिरवट-पांढरी बुरशी चढली होती. गरम पाण्यानं धुतली, घासली, चार्ज केलेली बॅटरी जोडली. सेल्फ जोरात फिरला, पण इंजिन पेटेना. तज्ज्ञांना पुन्हा धीर आला.

मिस्त्रीनं टाकीच्या तळाचा नळ सोडला. आधी पाणी आलं, मग डिझेल. अर्धवट रिकाम्या टाकीत पावसाळी हवेतलं बाष्प गार पत्र्यावर जमतं. पाणी डिझेलपेक्षा जड, म्हणून ते तळाशी बसतं. त्यानं फिल्टर बदलला. फिल्टर बदलला की लाइन हवा घेते, आणि हवा दबते, म्हणून नोजल उघडण्याइतका जोर येत नाही. मग बोल्ट सैल करून तो हातपंप मारत बसला. आधी फेस, मग बुडबुडे, मग डिझेलची निखळ धार. बोल्ट आवळला.

"मारा सेल्फ."

काळा धूर निघाला आणि इंजिन गरजलं. मिस्त्रीनं वाकून मागच्या नळीतून थंड करणारं पाणी पडतंय ना ते पाहिलं, पान खाल्लं आणि निघाला. "मी म्हणालोच होतो," असं पंपवाला, नोजलवाला आणि पिस्टनवाला तिघंही म्हणाले.

इतकी वर्षं बघून माझं मत पक्कं झालं आहे: बिघाड बहुधा स्वस्त भागात असतो आणि सल्ला हमखास महाग भागाचा मिळतो. तेव्हा बोटवाल्यांना विनंती. मे अखेरीस टाकी काठोकाठ भरा, बॅटरी काढून घरी न्या, टर्मिनलला व्हॅसलीन लावा. आणि जावयांना नारळी पौर्णिमेच्या जेवणालाच बोलवा, त्याआधी नको.