डाव्या बाजूची काच

बदलीचे हुकूम मे महिन्यात निघतात असं म्हणतात. माझा आषाढात निघाला, सांगली ते चिपळूण. बायको एसटीनं पुढं गेली आणि कपाट, पलंग, तांदळाचे डबे व मी असं उरलेलं सामान एका जुन्या सहाचाकी टाटामध्ये चढलं. कपाटाला ताडपत्री मिळाली, मला डावीकडची खिडकी.

तिला काच नव्हती. त्या जागी कुणा भावी नगरसेवकाच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सचा तुकडा सुतळीनं आवळला होता. साहेबांचा एक डोळा, अर्धी मिशी आणि ‘शुभे’ एवढाच मजकूर माझ्या वाट्याला आला होता. इस्लामपूरपर्यंत तो डोळा वाऱ्यानं मिचकत राहिला. पेठ नाक्याला हायवे लागला, गाडीनं वेग घेतला, सुतळी तुटली आणि शुभेच्छा थेट माझ्या तोंडावर येऊन बसल्या.

“कराडात काच टाकूनच जाऊ, सर,” ड्रायव्हरमामा म्हणाले. “म्होरं कोयना हाय. तिथला पाऊस फ्लेक्सला इचारत न्हाय.”

मामांचं खरं होतं. सांगलीत वर्षाला सहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो, कोयनानगरला पाच हजारांच्या घरात. भूगोल माझा विषय नाही, पण डावी बाही भिजली की कळतो.

कोल्हापूर नाक्याजवळच्या काचवाल्यानं गाडी बघितली आणि विचारलं, “केबिन कुठली?”

“टाटाची,” मी म्हणालो. दुकानातलं पोरगंसुद्धा हसलं.

टाटाचं होतं ते इंजिन आणि चासी. ही गाडी निघाली त्या काळी कंपनीतून बहुतेक ट्रक असेच यायचे, नुसता सांगाडा आणि पुढचा थोडा पत्रा. चालक डोक्याला फडकं गुंडाळून उन्हापावसात तो उघडा सांगाडा शेकडो किलोमीटर हाकत न्यायचा. मग गावोगावचे बॉडीबिल्डर आपापल्या हातानं त्यावर लाकूड-पत्र्याची केबिन चढवायचे. त्यामुळं अशा दोन गाड्यांची दारं सारखी नसतात. आमच्या गाडीची तर डावी-उजवीही एकमेकांशी बोलत नव्हती.

काचवाल्यानं टेप खिशातच ठेवला. बिस्किटाच्या खोक्याचा पुठ्ठा दाराला लावला, पेन्सिल फिरवली, कात्रीनं कोपरा कातरला, पुन्हा लावला. फर्मा तयार! मी शास्त्र शिकवतो, मोजमापाशिवाय मला चैन पडत नाही. “मागची बाजू पुढच्यापेक्षा कमी भरतेय,” मी म्हणालो. “दारच तसं हाय, सर. काचेनं दारासारखं व्हायचं आसतं,” असं उत्तर आलं.

आता मात्र मला राहवेना. टफन्ड काच सहाशे अंशांच्या वर तापवून हवेच्या झोतानं झटक्यात थंड करतात, म्हणून ती नंतर कापता येत नाही, कापायला गेलं की भुगा होतो, हे मी आमच्या गाडीच्या किन्नर, म्हणजे क्लीनर पोराला समजावून सांगितलं. लॅमिनेटेड काचेवर आलो. 1903 साली एदुआर बेनेदिक्तुस या फ्रेंच रसायनज्ञाच्या हातून काचेचं भांडं पडलं, तडकलं, पण आत वाळलेल्या सेल्युलोज नायट्रेटच्या पापुद्र्यामुळं तुकडे सुटले नाहीत...

तेवढ्यात काचवाल्यानं काचेला आग लावली.

दोन काचांमध्ये प्लॅस्टिकचा थर असतो. दोन्ही बाजूंनी हिरकणीनं रेघ ओढून काच मोडली, तरी तो थर सुटत नाही. म्हणून रेघेत स्पिरिट ओतून काडी लावायची. निळी ज्योत रेघेवरून पळते, थर मऊ पडतो, मग त्यात ब्लेड फिरवायचं. हे सगळं त्यानं तोंडातला तोबरा न सांडता केलं. माझा वर्ग तिथंच सुटला.

काच चॅनलमध्ये बसली. ती वर-खाली करायच्या मशीनचे दात मात्र झिजले होते. “मशीन मिळंल, पर साताऱ्यास्नं मागवायला लागंल,” असं म्हणत त्यानं काच वर ओढून लाकडाची पाचर ठोकली. मामांनी पैसे मोजताना गाडीचा जन्मापासूनचा इतिहास सांगितला, तेव्हा कुठं बिल थोडं उतरलं.

पाटण मागं पडलं, कोयना आली आणि काचेनं पैसे फेडले. पावसाचा एक थेंब आत आला नाही. इंजिनाची ऊब मात्र बाहेर जाईना. मी कपाटाच्या आधी वाळून निघालो.

कुंभार्ली घाटात समोरून टँकर आला. “डावी बघा, सर! हात काढा!” मामा ओरडले. बंद काचेतून हात कसा काढणार? मी पाचर उपटली. काच धाडकन दारात गेली आणि कोयनेचा आठवडाभराचा कोटा माझ्या मांडीवर रिकामा झाला. पोफळीपर्यंत मी आणि किन्नर चार हातांनी काच वर धरून बसलो होतो. तिला वरून खालपर्यंत तडा गेला होता, पण एक कणही सुटला नव्हता. बेनेदिक्तुसचं नाव माझ्या ओठांवर आलं. मामांनी शाबासकी कराडच्या काचवाल्याला दिली.

पावसाळ्यात ट्रकमधून सामान हलवणार असाल, तर भाडं ठरवण्याआधी डावीकडची काच स्वतः वर-खाली करून बघा. नवी टाकावी लागली तर लॅमिनेटेडच मागा, आणि मशीनचे पैसे वाचवू नका.