टक्

तुमच्या ओळखीत असा एक माणूस असणारच. साधा मिक्सर घ्यायचा म्हटलं तरी त्याला तीन महिने लागतात, आणि तीन महिन्यांनी आपण "मग कुठला घेतलास?" असं विचारलं की तो म्हणतो, "सध्या बाजारात घेण्यासारखं काही नाही." आमच्याकडे, म्हणजे शिकागोच्या पश्चिमेला नेपरव्हिलमध्ये, या जातीचा जो नमुना आहे त्याला आम्ही नाना म्हणतो. मंडळातली पोरं त्याला मॅग्नेट काका म्हणतात. पोरांचं जास्त बरोबर आहे.

नाना अकरा वर्षं गॅसचा ग्रिल निवडत होता. घेत नव्हता, निवडत होता.

मी त्याच्यावर पहिल्यांदा चिडलो तो दिवस मला लख्ख आठवतो. मेमोरियल डेच्या सेलमध्ये मी नवा ग्रिल आणला होता. चार बर्नरचा, आरशासारखा चकचकीत. जोडण्यात दोन दिवस गेले आणि तीन स्क्रू उरले (ते अजून गॅरेजमध्ये बरणीत आहेत, टाकवत नाहीत). रविवारी दहा-बारा घरं जेवायला बोलावली होती. कोंबडीच्या तंगड्या आदल्या रात्रीपासून दह्यात मुरत होत्या. नाना आला. 'कसा आहेस' वगैरे नाही. खिशातून लाल रंगाचा, नालाच्या आकाराचा चुंबक काढला, शाळेच्या प्रयोगशाळेत असायचा तसला, आणि माझ्या ग्रिलच्या झाकणाला लावला.

टक्.

"चारशे तीस," नाना म्हणाला. एक्स-रे उजेडाकडे धरून डॉक्टर 'हं' म्हणतात त्या आवाजात.

मग दहा-बारा घरांसमोर माझ्या ग्रिलचं शवविच्छेदन झालं. स्टेनलेस म्हणून जे विकतात त्यात जाती असतात. ३०४ नंबरात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल, त्याला चुंबक दाद देत नाही. ४३० मध्ये निकेल जवळजवळ नसतंच. ते स्वस्त पडतं, तितकंच चमकतं आणि मीठ-ओल लागली की लवकर तांबूस ठिपके धरतं. "तीन हिवाळे," नाना म्हणाला, "चौथा नाही," आणि माझीच तंगडी उचलून खायला लागला. म्हणजे माझ्या ताटातली.

तिसऱ्या हिवाळ्यानंतर एप्रिलमध्ये मी वरचं आवरण काढलं. झाकणाला गंज होताच, पण बर्नरच्या नळीची बारीक भोकं एकमेकांना मिळून एक लांबलचक फट झाली होती आणि तिच्यातून ज्योत अशी निघायची की कोंबडी एका टोकाला कोळसा आणि दुसऱ्या टोकाला जिवंत. मी दोन महिने नानाला घरी बोलावलं नाही. त्याला सांगायचं काही नव्हतं. तो ऐकून नुसती मान डोलावणार, हे मला सहन होणार नव्हतं.

त्या चुंबकापासून सुटका कुणाचीच नव्हती. कुणी नवा फ्रिज घेतला, टक्. स्वयंपाकघराचं सिंक बदललं, टक्. गणपतीत मंडळानं प्रसादाच्या शिऱ्यासाठी मोठं तपेलं आणलं तर आरती चालू असताना मागून आवाज आला, टक्, आणि खजिनदारांचं 'सुखकर्ता' तिथेच अडखळलं. आमच्यातल्या एकाचा गुडघा बदलला. सगळे बघायला गेलो, केळी-सफरचंद घेऊन. नानानं त्याच्याशी गप्पा मारता मारता पांघरुणावरून चुंबक फिरवला आणि समाधानानं म्हणाला, "चिकटत नाही. माल चांगला घातलाय." पेशंटला खरोखर बरं वाटलं, हे कबूल करतो. चुंबक कायम खिशात असल्यामुळे नानाची तीन क्रेडिट कार्डं गारद झाली. चौथं कार्ड वहिनी आपल्या पर्समध्ये ठेवतात. त्यामुळे नाना एकटा दुकानात गेला तरी काही घेऊ शकत नसे, आणि त्याची त्याला अडचणही वाटत नसे.

दुकानातली पोरं त्याला ओळखत. एखादा नवखा पोरगा उत्साहानं सांगायला यायचा, "सर, हा चाळीस हजार बीटीयूचा आहे." नाना त्याला जवळ बसवून घ्यायचा. बीटीयू म्हणजे ब्रिटिश थर्मल युनिट, एक पौंड पाणी एक अंश फॅरनहाइटनं तापवायला लागणारी उष्णता. ब्रिटिशांना हाकलून अमेरिकेला अडीचशे वर्षं होत आली, पण त्यांचं युनिट मात्र जपून ठेवलंय. "हा आकडा गॅस किती जळतो ते सांगतो, जेवण किती शिजतं ते नाही. पातळ पत्र्याच्या खोक्यात चाळीस हजार ओतलेस तर जानेवारीत ते सगळे आकाशाला जातात." मग व्हर्नियर कॅलिपर काढून तो झाकणाच्या पत्र्याची जाडी मोजायचा. मग जाळीचं क्षेत्रफळ काढून बीटीयूला भागायचा. दर चौरस इंचाला ऐंशी ते शंभर हे त्याच्या मते योग्य. पोरगा एव्हाना दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे पळालेला असे.

नानाची एक दोनशे पानी वही होती. खालची पेटी ओतीव ॲल्युमिनियमची हवी, कारण ती गंजत नाही. बर्नर ३०४ चेच. जाळी बिडाची की स्टीलच्या भरीव सळ्यांची, यावर वहीत चौदा पानं. बीड उष्णता धरून ठेवतं, पण त्याला तव्यासारखं तेल पाजत राहावं लागतं, नाहीतर एका पावसात केशरी होतं. रेग्युलेटरवर सहा पानं. कोळ्यांवर तीन. हो, कोळ्यांवर. बर्नरच्या नळीत शिरून ते जाळं विणतात, गॅस पुढे जायच्याऐवजी मागे फिरतो आणि बटणांच्या मागून आग येते. दर वसंतात नाना बाटली घासायचा ब्रश घेऊन आपल्याच नव्हे, आमच्याही नळ्या साफ करून जायचा. आम्ही नको म्हटलं तरी. साबणाच्या पाण्याचा फेस सांध्यांना लावून बुडबुडे येतात का, तेही बघायचा. एकदा माझ्याकडे बुडबुडा आला. मी त्याला चहा दिला आणि विषय बदलला.

पॅलटाइनवरून गाडी गेली की नाना गोष्ट सांगणार. ग्रिलवाल्या वेबर कंपनीचं मुख्यालय तिथे. जॉर्ज स्टीफन नावाचा माणूस शिकागोच्या वेबर ब्रदर्स मेटल वर्क्समध्ये कामाला होता, तिथे पाण्यावर तरंगणारे बोये बनत. वाऱ्यापावसात शेगडीचा धूर आणि राख डोळ्यांत जाते म्हणून वैतागून १९५२ साली त्यानं बोयाचा पत्र्याचा गोळा घेतला, खालच्या अर्ध्याला पाय जोडले, वरच्या अर्ध्याला मूठ, झाली झाकणाची शेगडी. कोळशाची, पण बाप तोच. ही गोष्ट नानाच्या तोंडून वहिनींनी किमान चाळीसदा ऐकली असेल. एकदा मागच्या सीटवरून त्या म्हणाल्या, "अहो, त्याला जुनी शेगडी पटेना तर त्यानं बोया कापला. तुम्ही वही लिहिताय."

गाडीत पुढे बराच वेळ कुणी बोललं नाही.

आता तुम्ही विचाराल, या अकरा वर्षांत नाना भाजायचा कशावर? १९९७ साली कुणीतरी गाव सोडताना विकायला काढलेला, वीस डॉलरचा ग्रिल. एका पायाखाली वीट. एका बर्नरचं बटण गेलेलं, तिथे पक्कड. झाकणाची मूठ म्हणजे झाडूच्या दांड्याचा तुकडा. त्याला चुंबक लावायची सोय नव्हती, कारण चुंबक सगळीकडेच चिकटायचा, अगदी विटेजवळच्या गंजाच्या भुकटीलासुद्धा. आणि या अवशेषावर नाना बारा महिने भाजायचा. श्रावणात कणसं, दिवाळीत पनीर, जानेवारीत वांगी. अंगणात गुडघाभर बर्फ असला की ग्रिलपर्यंत पाऊलवाट खणायचा, घरापासून दहा फूट मोजून. भिंतीला चिकटून ग्रिल ठेवणाऱ्यांना तो नावं ठेवायचा, आणि ते बरोबरच आहे.

३० जानेवारी २०१९ ला शिकागोत पारा उणे २३ फॅरनहाइटला गेला, म्हणजे जवळजवळ उणे ३१ सेल्सियस. शाळा बंद, ऑफिसं बंद, टपालसुद्धा बंद. दुपारी मी खिडकीतून पाहिलं तर नाना अंगणात. डोक्यावर माकडटोपी, वर हूड, हातात वांगं. मी फोन केला. वहिनींनी उचलला आणि नुसतंच "मला विचारू नका" म्हणून ठेवून दिला. म्हणून मी बूट चढवून गेलो.

"अरे वेड्या, गॅस गोठेल!"

"गोठतोय कशाला? प्रोपेन उणे बेचाळीसला उकळतो. अजून अकरा अंश हातात आहेत." नाकाच्या शेंड्यावर बर्फ घेऊन नाना समजावत होता. आपल्याकडच्या १४.२ किलोच्या सिलिंडरात ब्युटेनही असतो, तो शून्याच्या आसपासच वाफ व्हायचं सोडतो. तो सिलिंडर इथे आणला असता तर अर्धा गॅस तळाशी नुसता बसून राहिला असता. "इकडे टाकीत बहुतेक प्रोपेनच. म्हणून तर चालतंय."

चालत होतं, पण निरंजनाएवढं. टाकीतला दाब थंडीनं बसला होता. वाफ होता होता गॅस स्वतःलाच आणखी गार करत होता. चाळीस मिनिटांनी वांगं उतरवलं तेव्हा एका बाजूनं भरीत झालं होतं आणि दुसऱ्या बाजूनं कुल्फी. ते आम्ही आत नेऊन मायक्रोवेव्हमध्ये पुरं केलं. वर कच्चा कांदा, दही, हिरवी मिरची. चवीला उत्तम झालं होतं. हे मी नानाला आजतागायत सांगितलेलं नाही.

आणि मग मागच्या गणपतीत ते झालं. पुण्याहून नुकताच आलेला, धातुशास्त्र शिकलेला एक पोरगा होता. नाना सवयीनं पाण्याच्या पिंपाला चुंबक लावून म्हणाला, "चिकटत नाही. तीनशे चार." पोरगा अगदी अदबीनं म्हणाला, "काका, तसं नक्की नाही सांगता येत. दोनशे एकलाही चुंबक लागत नाही. त्यात निकेल कमी करून मँगनीज घालतात. स्वस्त असतं, गंजतं लवकर. आपल्याकडे भांड्यांत खूप वापरतात."

नानानं चुंबक खिशात ठेवला. त्या संध्याकाळी तो पुन्हा बाहेर आला नाही. तपेलं होतं, नवी समई होती, कुणाच्या तरी नव्या गाडीचं दार होतं. काही नाही. खजिनदारसुद्धा अस्वस्थ झाले.

तीन आठवडे फोन नाही म्हटल्यावर मी गेलो. वहिनी दारातच हळू आवाजात म्हणाल्या, "तो चुंबक सासूबाईंच्या वेळचा." मग मला कळलं. साताऱ्याला दुपारी बोहारीण यायची, आई जुन्या साड्या काढायची, चार साड्यांना एक पातेलं, तीन साड्या आणि एका पँटला डबा. नाना तेव्हा तिसरीत. शाळेच्या बक्षिसात मिळालेला लाल चुंबक घेऊन तो आईच्या शेजारी बसायचा. पातेलं आलं की आई नुसती त्याच्याकडे बघायची. चिकटला तर पातेलं परत.

"पाच वर्षांत परत जायचं म्हणून आलो हो आम्ही," वहिनी म्हणाल्या. "गादी जमिनीवर, टेबल घडीचं, खुर्च्या प्लॅस्टिकच्या. तो ग्रिलसुद्धा दोन उन्हाळ्यांपुरता. आता सत्तावीस वर्षं झाली, आणि यांना एकदम टिकाऊ काहीतरी हवंय."

नाना आत बसला होता. मला पाहून म्हणाला, "बोहारणीनं आईला दोनशे एक दिलं असेल का रे?"

"ते पातेलं आहे अजून?"

"आहे ना. भावाकडे. रोज दूध तापतं त्यात."

"मग?"

नाना काही बोलला नाही. पण चहाच्या चमच्याकडे मात्र संशयानं बघत होता, तेव्हा मला जरा धीर आला.

यंदा एप्रिलमध्ये त्यानं बोलावलं. अंगणात नवा ग्रिल. पेटी ओतीव ॲल्युमिनियमची, जाळी भरीव सळ्यांची, बटणं सगळी जागच्या जागी. शेजारी जुना होताच, विटेसकट. मी कौतुकानं भोवती फिरलो. खालच्या कपाटाच्या दारावर वहिनींची वाणसामानाची यादी लटकत होती, आणि ती दाराला धरून ठेवली होती लाल चुंबकानं.

मी नानाकडे पाहिलं. अकरा वर्षांची वाट पाहून मिळालेली संधी होती ती.

"दार आहे ते," नाना घाईनं म्हणाला. "दारावर काय कोंबडी भाजायचीय?"

मग त्यानं ते दार उघडलं. टाकीच्या मागे, आतल्या पत्र्यावर, खिळा आणि हातोडी घेऊन टिंबटिंबांनी अक्षरं कोरली होती, आपल्या भांड्यांवर असतात तशी, थोडी वाकडी. आईचं नाव, खाली तारीख. ज्या वॉरंटीची कलमं त्यानं वहीत उतरवून घेतली होती, ती या टिंबांनी केव्हाच बाद झाली असणार.

तारखेखाली बरीच जागा मोकळी होती. नानाची मुलगी सिॲटलला असते, तिच्या इमारतीत बाल्कनीत ग्रिल ठेवायला बंदी आहे.

"खाली एवढी जागा का सोडलीस?" मी विचारलं.

"असू दे," नाना म्हणाला. "ते कणीस उलट आधी. करपतंय."